रिकाम्या कबरीचा पंचनामा

ख्रिस्ती धर्माचा सारा डोलारा ज्या घटनेवर उभा आहे, ती घटना घडताना पाहिलेला एकही साक्षीदार त्या धर्माच्या मान्य ग्रंथांत आढळत नाही. वधस्तंभावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, या श्रद्धेला पुनरुत्थान म्हणतात. आणि येशूच्या जीवनाचे जे चार प्राचीन वृत्तान्त शुभवर्तमाने म्हणून ओळखले जातात, त्यांत त्याच्या दफनाचा प्रसंग आहे, कबर रिकामी सापडल्याचा प्रसंग आहे, नंतर तो शिष्यांना दिसल्याच्या कथाही आहेत, पण मधल्या त्या रात्री कबरीच्या आत काय झाले, याविषयी एक अक्षरही नाही. मत्तयाच्या वृत्तान्तात भूकंप होतो, देवदूत दगड लोटतो, पहारेकरी मृतवत पडतात. मात्र तेथेही येशू बाहेर पडताना कोणाला दिसत नाही. धर्मचिंतक या मौनाला गूढ मानत आले, संशयवादी त्यालाच कच्चा दुवा म्हणत आले, आणि पटकथाकारांना त्यात एका शोधकथेसाठी लागणारी नेमकी मोकळी जागा दिसली.

केविन रेनॉल्ड्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘रिझन’ हा चित्रपट फेब्रुवारी २०१६ मध्ये, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात अमेरिकेत प्रदर्शित झाला, आणि बायबलवर आधारलेल्या बहुतेक चित्रपटांहून त्याचे वेगळेपण हे की, त्याचा नायक येशूही नाही आणि येशूचा शिष्यही नाही. क्लेवियस हा रोमन सैन्यातील ट्रिब्यून, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, युद्धदेव मार्सचा उपासक, तलवारीच्या बळावर वर चढलेला आणि आणखी वर चढू पाहणारा माणूस. त्याला यहुद्यांच्या मसीहाशी, म्हणजे ज्याच्या आगमनाची त्या समाजाला शतकानुशतके प्रतीक्षा होती त्या तारणाऱ्याशी, काहीही देणेघेणे नाही. रोमन सुभेदार पंतय पिलात त्याला दोन कामे सांगतो. पहिले, वधस्तंभावरच्या नासरेथकराचे काम आटोपून त्याच्या कबरीवर पहारा बसवायचा. आणि दुसरे, त्या कबरीतून प्रेत नाहीसे झाल्यावर, ते कुजून ओळखण्यापलीकडे जाण्यापूर्वी शोधून आणायचे. जोसेफ फाइन्स यांनी हा क्लेवियस फार संयमाने उभा केला आहे. चेहऱ्यावरची रेषही न हलवता जबान्या घेणारा, दिवसाच्या शेवटी मात्र हातावरचे रक्त धुताना थकून गेलेला हा अधिकारी पाहताना प्रेक्षक त्याच्या बाजूने विचार करू लागतो, आणि चित्रपटाचा पूर्वार्ध याच एका गोष्टीवर तरून जातो.

तो पूर्वार्ध म्हणजे अक्षरशः पोलिसी तपास आहे. कबरीच्या तोंडावर लावलेल्या दगडाला दोर बांधून त्यावर रोमन मोहर उठवली जाते, आणि हे सगळे कॅमेरा घाईने उरकत नाही. नंतर क्लेवियस घटनास्थळी येतो तेव्हा तो आधी ते तुटलेले दोर हातात घेतो. चाकूने कापलेल्या दोराचे टोक कसे दिसते हे त्या सैनिकाला ठाऊक आहे, आणि हातातले धागे तसे दिसत नाहीत. त्यानंतर तो पहारेकऱ्यांची चौकशी करतो. दोघांचीही जबानी एकच, पाठ करून म्हटल्यासारखी. शिष्य रात्री आले आणि प्रेत घेऊन गेले. पहाऱ्यावर झोपणे हा रोमन सैन्यात जिवावर बेतणारा गुन्हा असताना हे दोघे तो इतक्या सहज कबूल कसे करतात, आणि झोपलेल्या माणसाला चोर कोण होता हे कसे कळले, हे प्रश्न क्लेवियसच्या मनात येतात तसेच ते प्रेक्षकाच्याही मनात येतात. मग अलीकडे पुरलेली प्रेते उकरून पाहिली जातात, येशूचे दफन करणाऱ्या अरिमथाईकर योसेफाची झडती होते, येशूची अनुयायी मग्दालिया मरीया हिला पकडून आणले जाते, बर्थलमय नावाचा शिष्य समोर उभा केला जातो. वधस्तंभाची धमकी दिल्यावरही हा बर्थलमय हसतमुखच राहतो, आणि त्या तपास अधिकाऱ्याच्या आजवरच्या अनुभवात न बसणारा असा पुरावा पहिल्यांदा त्याच्यासमोर येतो: ज्याला मरणाची भीती उरलेली नाही, असा माणूस.

येथपर्यंत प्रेक्षकाला असे वाटण्याचा संभव आहे की, संशयी नायक हा आधुनिक काळाने जुन्या कथेत बाहेरून आणून घातलेला पाहुणा आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे, आणि या चित्रपटाचे खरे महत्त्व तेथेच आहे. प्रेत चोरीला गेल्याचा आरोप प्रथम नोंदवला गेला तो शुभवर्तमानातच. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या अखेरीस मुख्य याजक आणि परूशी, म्हणजे धर्मशास्त्राचे काटेकोर पालन करणारा यहुदी पंथ, पिलाताकडे जाऊन कबरीवर पहारा मागतात, कारण शिष्य प्रेत पळवतील आणि तो उठला असे लोकांना सांगतील, अशी त्यांना धास्ती असते. पुढच्या अध्यायात पहारेकऱ्यांना पैसे देऊन तीच गोष्ट सांगायला लावले जाते, आणि ही वदंता यहुद्यांमध्ये आजवर प्रचलित आहे, अशी कबुली लेखक स्वतःच देतो. मत्तयाचे शुभवर्तमान बहुसंख्य अभ्यासकांच्या मते इसवी सनाच्या ८० ते ९० या दशकात लिहिले गेले, म्हणजे घटनेनंतर पन्नासेक वर्षांनी दोन्ही पक्ष एकमेकांचे दावे ऐकून उत्तरे देत होते, असा याचा अर्थ होतो. उरलेल्या तीन वृत्तान्तांत पहारेकऱ्यांचा उल्लेख नाही, म्हणून अनेक इतिहासकार हा भाग आरोपाला दिलेले उत्तर म्हणून नंतर रचला गेला असावा असे मानतात. ‘रिझन’ची सारी पटकथा या मोजक्या ओव्यांएवढ्या मजकुरातून फुलवलेली आहे.

संशयाच्या आणखी खुणाही त्या ग्रंथांत जागोजाग आहेत. चौघांत सर्वांत जुने मानले जाणारे मार्काचे शुभवर्तमान त्याच्या प्राचीनतम संपूर्ण हस्तलिखितांत कबरीपासून घाबरून पळणाऱ्या स्त्रियांपाशीच संपते. उठलेला येशू कोणाला भेटल्याचा प्रसंग तेथे नाही, आणि आज छापल्या जाणाऱ्या पुढच्या ओळी नंतर जोडल्या गेल्या, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. योहानाच्या वृत्तान्तात थोमा नावाचा शिष्य जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही असे बजावतो. मत्तयाच्या अखेरच्या प्रसंगात, गालीलातील डोंगरावर, येशू प्रत्यक्ष समोर उभा असतानाही काहींना संशय वाटला, असे लिहिलेले आहे. आपल्याच आद्य अनुयायांच्या शंका इतक्या मोकळेपणाने नोंदवून ठेवणाऱ्या या ग्रंथांविषयी, ते श्रद्धेने वाचले किंवा केवळ इतिहासाचे साधन म्हणून वाचले, तरी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्ती समाजाबाहेरचा पहिला सविस्तर टीकाकार होता सेल्सस नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ. त्याने साधारण इसवी सन १७८ च्या सुमारास ख्रिस्ती मताचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला; तो मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण सुमारे सत्तर वर्षांनी ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने त्याला मुद्देसूद उत्तर देताना त्यातील उतारेच्या उतारे उद्धृत केले, आणि विरोधकाचे म्हणणे विरोध करणाऱ्याच्या ग्रंथामुळे टिकून राहिले. सेल्ससचा एक मुद्दा या चित्रपटाच्या संदर्भात विलक्षण महत्त्वाचा आहे. तो विचारतो की, येशूला आपले दैवी सामर्थ्य खरोखरच सिद्ध करायचे होते, तर तो आपल्याच माणसांना का भेटला; ज्यांनी त्याचा छळ केला, ज्याने त्याला मृत्युदंड दिला, त्यांच्यासमोर तो का उभा राहिला नाही? अनुयायांना गुरू दिसणे यात नवल ते काय, असा त्या प्रश्नाचा रोख आहे. ओरिजेनने त्याला उत्तर दिले ते असे की, तो महिमा पाहण्याची शक्ती सर्वांच्याच ठायी नव्हती. हे उत्तर पटो वा न पटो, प्रश्न सुमारे अठराशे वर्षे तसाच उभा राहिला, आणि ‘रिझन’ने केले आहे ते एवढेच की, त्या प्रश्नातली मागणी पडद्यावर पूर्ण करून दाखवली. ज्याच्या हुकमाने भाला मारला गेला, ज्याने मेलेला चेहरा जवळून पाहिला, कबरीवर मोहर उठताना जो हजर होता, त्याच शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्याला तो जिवंत दिसतो.

ही रचना योगायोगाने झालेली नाही. श्रद्धेचे तर्काने आणि पुराव्याने समर्थन करणारी जी एक मोठी लेखनपरंपरा ख्रिस्ती धर्मात आहे, तिची शिस्त या पटकथेत अगदी स्पष्ट दिसते. पुनरुत्थानाला पर्याय म्हणून संशयवाद्यांनी आजवर जी स्पष्टीकरणे सुचवली, ती एकामागून एक येथे निकालात काढली जातात. येशू मेलाच नव्हता, केवळ मूर्च्छित झाला होता, हे मत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत बरेच चर्चेत होते. चित्रपटात म्हणून भाल्याचा वार ठसठशीतपणे दाखवला आहे. स्त्रिया चुकून भलत्याच कबरीपाशी गेल्या, या तर्काला रोमन मोहरेने उत्तर दिले आहे. हॅम्बुर्गचे प्राच्यभाषांचे अध्यापक हेर्मान रायमारुस यांनी शिष्यांनीच प्रेत पळवले असे प्रतिपादन केले होते, आणि हयातीत प्रसिद्ध न केलेले त्यांचे ते लेखन त्यांच्या निधनानंतर लेसिंग या जर्मन नाटककाराने १७७४ पासून छापायला सुरुवात केल्यावर युरोपात मोठी खळबळ उडाली. त्या तर्कासाठी दोरांचे ते धागे आहेत. शोकाकुल अनुयायांना भास झाला, हे उरलेले स्पष्टीकरण क्लेवियसला लागू पडत नाही, कारण तो शोकातही नाही आणि अनुयायीही नाही. इंग्लंडमध्ये १९३० साली प्रसिद्ध झालेले फ्रँक मॉरिसन यांचे ‘हू मूव्ह्ड द स्टोन?’ हे पुस्तक याच पद्धतीचे आहे. संशयाने सुरू केलेला शोध लेखकाला श्रद्धेपर्यंत घेऊन गेला, असे ते सांगते. फ्रँक मॉरिसन हे आल्बर्ट हेन्री रॉस यांचे टोपणनाव होते. तेव्हा ‘रिझन’मधला संशयी खरा आहे, पण ज्या वाटेने तो चालतो ती वाट आधीच आखलेली आहे, हे प्रेक्षकाने ध्यानात ठेवलेले बरे.

इतिहासाच्या कसोटीवर हा चित्रपट काही ठिकाणी भक्कम आहे आणि काही ठिकाणी साफ डगमगतो. पिलात ही ऐतिहासिक व्यक्ती होती याविषयी वाद नाही. इसवी सन २६ ते ३६ या काळात तो यहुदिया प्रांताचा रोमन अधिकारी होता, आणि इस्रायलमधील कैसरिया येथील प्राचीन नाट्यगृहाच्या उत्खननात १९६१ साली सापडलेल्या एका शिलाखंडावर त्याचे नाव आणि पद कोरलेले आढळले. वधस्तंभावर मेलेल्यांची प्रेते रोमन लोक सहसा कुत्र्यागिधाडांना सोडून देत किंवा खड्ड्यात टाकत, तेव्हा येशूचे रीतसर दफन झाले असणे कितपत संभवनीय आहे, ही शंका आधुनिक विद्वानांनी घेतली आहे. या शंकेला अंशतः उत्तर देणारी वस्तू जेरुसलेमच्या ईशान्य भागात १९६८ साली मिळाली. योहोहनन नावाच्या माणसाच्या अस्थी ठेवलेल्या दगडी पेटीत त्याच्या टाचेचे हाड सापडले, आणि त्या हाडातून साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा आरपार गेलेला होता. खिळ्याचे टोक लाकडातल्या गाठीवर आपटून वाकले असावे, त्यामुळे प्रेत उतरवताना तो निघाला नाही आणि हाडासकट पुरला गेला. वधस्तंभावर मेलेल्या एका तरी माणसाला त्याच्या कुटुंबीयांनी विधिपूर्वक दफन केले होते, एवढे त्या एका वाकड्या खिळ्याने सिद्ध केले. येशूचेही तसेच झाले असा निष्कर्ष मात्र त्यातून आपोआप निघत नाही.

याच विषयाशी जोडली गेलेली आणखी एक वस्तू पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहे, आणि तिची कथा पुराव्याकडे कसे पाहावे याचा उत्तम धडा देते. संगमरवराच्या एका लादीवर ग्रीक भाषेत कोरलेली ही राजाज्ञा कबरींची नासधूस करणाऱ्याला, प्रेत हलवणाऱ्याला मृत्युदंड फर्मावते. १८७८ मध्ये नासरेथहून पाठवलेली, एवढीच नोंद संग्राहकाने तिच्याविषयी करून ठेवलेली होती. लेख १९३० मध्ये प्रसिद्ध झाल्यावर अनेकांना वाटले की, येशूची कबर रिकामी सापडल्याची वार्ता रोमपर्यंत पोचल्यामुळेच सम्राटाने ही आज्ञा काढली असली पाहिजे. नासरेथ हे येशूचे गाव, आज्ञा प्रेतचोरीविरुद्ध, आणि अक्षरवळण साधारण त्याच काळाचे. पुरावा जणू चालून आला होता. पुढे त्या संगमरवराची रासायनिक तपासणी झाली, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो दगड एजियन समुद्रातील कोस या ग्रीक बेटावरचा निघाला. त्या बेटावरील निकियास नावाच्या एका सत्ताधीशाची कबर लोकांनी संतापून फोडली होती, तिच्याशी या आज्ञेचा संबंध असावा असा तर्क आता मांडला जातो, आणि तो काळ येशूच्या जन्माच्याही आधीचा आहे. क्लेवियस आज तपासाला बसला असता, तर त्याला हा दगडही हातात घेऊन पाहावा लागला असता.

चित्रपट जेथे इतिहास सोडतो ती ठिकाणेही सांगितली पाहिजेत. सम्राट तिबेरियस लवकरच जेरुसलेमला येणार आहे, तेव्हा शहरात गडबड नको, या दडपणाखाली पिलात वावरताना दाखवला आहे. प्रत्यक्षात तिबेरियस आयुष्याची शेवटची दहा वर्षे मुख्यतः काप्री बेटावर राहिला आणि यहुदियाकडे तो सम्राट म्हणून कधी फिरकला नाही. कथानकाला गती देण्यासाठी घेतलेली ही मोकळीक क्षम्य आहे. मग्दालिया मरीयेच्या बाबतीत घेतलेली मोकळीक तशी नाही. तिला ओळखणारे कोण कोण आहेत, असे विचारल्यावर सैनिकांच्या तुकडीत एकामागून एक हात वर होतात, असा एक प्रसंग चित्रपटात आहे, आणि तो हशा पिकवण्यासाठीच योजलेला आहे. शुभवर्तमानांत ती वेश्या असल्याचा कोठेही उल्लेख नाही. सात भुते तिच्यातून निघाली होती एवढे लूक सांगतो, आणि चारही वृत्तान्तांत रिकाम्या कबरीपाशी पोचलेल्यांत तिचे नाव आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने आपल्या प्रवचनात तिची आणि एका अनाम पापी स्त्रीची सांगड घातली, तेव्हापासून हा कलंक तिला चिकटला, आणि कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये आपल्या पंचांगात ही सांगड सोडवली. तपासकथेतली सर्वांत महत्त्वाची साक्षीदार असलेल्या स्त्रीची ओळख करून देताना २०१६ साली काढलेल्या चित्रपटाने चौदाशे वर्षांची ती चूक पुन्हा गिरवावी, हे खेदजनक आहे.

चित्रपटाच्या मध्यावर क्लेवियस एका घराचे दार ढकलून आत शिरतो आणि शिष्यांच्या घोळक्यात बसलेला येशू त्याला दिसतो. न्यूझीलंडचे माओरी अभिनेते क्लिफ कर्टिस यांचा हा येशू निळ्या डोळ्यांचा आणि सोनेरी केसांचा युरोपीय पुतळा नाही. उन्हाने रापलेला, सहज हसणारा, गर्दीत चटकन मिसळून जाईल असा माणूस आहे, आणि १९५३ चा ‘द रोब’ किंवा १९५९ चा ‘बेन-हर’ यांनी त्याचा चेहरा दाखवायचेच टाळले होते, हे आठवले म्हणजे येथे घेतलेली जबाबदारी लक्षात येते. क्लेवियस काही बोलत नाही. पाय गेल्यासारखा तो भिंतीशी टेकून खाली बसतो, आणि ज्याला काही दिवसांपूर्वी त्याने मेलेला पाहिले त्याच्याकडे नुसता पाहत राहतो. फाइन्स यांच्या अभिनयाचा हा परमोच्च क्षण आहे. त्यात चमत्काराचा गाजावाजा नाही, आहे तो केवळ एका तर्कनिष्ठ माणसाचा हिशेब चुकल्याचा धक्का.

त्यानंतर मात्र चित्रपटाचे बळ ओसरते. क्लेवियस सैन्य सोडून शिष्यांच्या मागे गालीलाकडे निघतो, जाळे माशांनी भरते, महारोगी बरा होतो, रात्री येशूशी त्याचे बोलणे होते, आणि शेवटी उगवत्या सूर्याच्या झोतात येशू दिसेनासा होतो. त्यांतले रात्रीचे संभाषण तेवढे लक्षात राहते, कारण पूर्वी पिलाताशी बोलताना क्लेवियसने आपल्याला एक दिवस तरी मरणाशिवायचा हवा आहे असे म्हटलेले असते, आणि ते मनातले मागणे येशू त्याला आपणहून ऐकवतो. बाकीचा उत्तरार्ध सुंदर चित्रांच्या मालिकेसारखा सरकतो. याचे कारण तंत्रात शोधण्यापेक्षा कल्पनेत शोधावे लागते. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्यापाशी संशयाला जागाच उरत नाही, आणि ज्याच्यापाशी संशय उरला नाही त्याच्या श्रद्धेची परीक्षाही होत नाही. चित्रपटगृहात बसलेल्या संशयी प्रेक्षकाला असे दार ढकलून आत जाण्याची सोय नाही. इतका वेळ जो अधिकारी त्याचा प्रतिनिधी म्हणून तपास करत होता, तो एका क्षणात पलीकडच्या काठावर जातो आणि प्रेक्षक अलीकडेच राहतो. योहानाच्या शुभवर्तमानात थोमाला मिळालेल्या उत्तरात न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य मानले आहे. चित्रपटाने मात्र पाहण्याचाच मार्ग निवडला.

रोमन अधिकाऱ्याच्या नजरेतून ही कथा सांगण्याची कल्पना मुळात ‘रिझन’ची नाही. लॉइड डग्लस यांच्या १९४२ च्या कादंबरीवर आधारलेल्या ‘द रोब’मध्ये रिचर्ड बर्टन यांनी साकारलेला मार्सेलस हाही ट्रिब्यूनच आहे, आणि सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या तंत्रात प्रदर्शित झालेला तो पहिला चित्रपट म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. इटालियन दिग्दर्शक दामियानो दामियानी यांच्या १९८६ च्या ‘लिंकिएस्ता’मध्ये तर तिबेरियस एका अधिकाऱ्याला नेमका हाच तपास करायला यहुदियात पाठवतो. ‘बेन-हर’ या कादंबरीचा उगमही संशयातच आहे. तिचे लेखक जनरल लू वॉलेस यांची १८७६ मध्ये आगगाडीत अमेरिकेतील विख्यात अज्ञेयवादी वक्ते रॉबर्ट इंगरसॉल यांच्याशी देवाधर्मावर दीर्घ चर्चा झाली, आपल्याला या विषयातले काहीच ठाऊक नाही याची त्यांना लाज वाटली, आणि अभ्यासाला लागून त्यांनी १८८० मध्ये ती कादंबरी पुरी केली.

परंतु संशयी माणसाला शेवटपर्यंत संशयी राहू देण्याचे धैर्य दाखवले ते ‘बराब्बास’ने. स्वीडिश लेखक पेर लागरक्विस्त यांच्या १९५० च्या कादंबरीवरून रिचर्ड फ्लायशर यांनी काढलेल्या या १९६१ च्या चित्रपटात अँथनी क्विन यांनी बराब्बासाची भूमिका केली आहे. येशूऐवजी ज्याला सोडून देण्यात आले तो हा गुन्हेगार. वधस्तंभाच्या प्रसंगातला अंधार दाखवण्यासाठी १५ फेब्रुवारी १९६१ रोजी इटलीत दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात प्रत्यक्ष चित्रीकरण केले गेले, आणि पडद्यावर जो काळवंडलेला सूर्य दिसतो तो खराखुरा आहे. बराब्बासाच्या वाट्याला मात्र असा उघड पुरावा कधीच येत नाही. दुसरा कोणी आपल्या जागी मेला हे ओझे घेऊन तो गंधकाच्या खाणीत वर्षानुवर्षे राबतो, श्रद्धावान सोबत्याच्या जवळ राहूनही त्याची श्रद्धा त्याला मिळत नाही, आणि मरताना त्याने जे शब्द उच्चारले ते देवाला उद्देशून होते की समोरच्या काळोखाला, हे लागरक्विस्त यांनी उघड केलेले नाही. क्लेवियसला उत्तर मिळते, बराब्बासाला केवळ प्रश्न मिळतो. आणि प्रश्नासह जगणाऱ्याची कथा पाहणाऱ्याला अधिक जवळची वाटते, मग तो कोणत्याही धर्माचा असो वा कोणत्याच धर्माचा नसो.

परधर्मीय प्रेक्षकाचा हा मुद्दा मराठी वाचकाला अपरिचित नाही. दादासाहेब फाळके यांनी १९११ च्या सुमारास मुंबईतील एका तंबूवजा चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला, आणि तो पाहत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या यांची चित्रे उभी राहत होती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. त्यांनी त्या कथेवर विश्वास ठेवला नाही की ती नाकारली नाही. बाहेरच्या माणसाच्या नजरेने ती पाहून त्यांनी तिच्यातले सामर्थ्य ओळखले, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. बायबलपटाचा बाहेरचा प्रेक्षक काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण भारतात नाही.

‘रिझन’विषयीचा निर्णय त्यामुळे दुहेरी द्यावा लागतो. पुरावा कसा तपासावा, साक्षीदाराला कसे ऐकावे आणि स्वतःच्या पूर्वग्रहाला छेद देणारी वस्तू हाती आल्यावर थांबून कसे पाहावे, हे त्याचा पहिला तास फार चांगले दाखवतो, आणि तेवढ्यासाठी तो जरूर पाहावा. श्रद्धा आणि शंका यांचे नाते ज्यांना खोलात समजून घ्यायचे आहे, त्यांनी मात्र लगोलग ‘बराब्बास’ही पाहावा. त्याआधी मत्तयाच्या शुभवर्तमानाचे शेवटचे दोन अध्याय मराठी बायबलमधून वाचून घ्यावेत. ते वाचायला पाऊण तासही लागत नाही, आणि पहारेकऱ्यांना दिलेल्या पैशांची गोष्ट तेथे मूळ स्वरूपात आहे.